अकरा पावसाळ्यांनंतर

आगमनकाळाचा तिसरा रविवार (वर्ष अ), १४ डिसेंबर २०२५
वाचने : यशया ३५:१-६, १०, याकोब ५:७-१०, मत्तय ११:२-११



आज आपण आगमनचक्रातील गुलाबी मेणबत्ती पेटवली. आजचा रविवार आनंदाचा रविवार म्हणून ओळखला जातो. पण आजचे शुभवर्तमान आनंदाने सुरू होत नाही. ते तुरुंगात सुरू होते. योहान बाप्तिस्ता हेरोदाच्या कैदेत आहे आणि तिथून तो आपल्या शिष्यांना प्रभू येशूकडे पाठवून विचारतो आहे की, ज्याची आम्ही वाट पाहत होतो तो तूच, की आणखी कोणाची वाट पाहायची? या प्रश्नाकडे आपण शेवटी येऊ. आधी दुसऱ्या वाचनातल्या शेतकऱ्याबद्दल बोलायचे आहे, कारण तो आपल्या ओळखीचा आहे.

संत याकोब सांगतो की शेतकऱ्याकडे पाहा, तो जमिनीच्या मोलाच्या पिकाची वाट पाहतो, आगोटीचा पाऊस आणि नंतरचा पाऊस पडेपर्यंत धीर धरतो. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो आणि चार महिन्यांत सगळा हिशोब उरकून जातो, त्यामुळे हे दोन पाऊस आपल्याला कळत नाहीत. पवित्र भूमीत पहिला पाऊस साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतो. त्याने उन्हाळ्यात दगड झालेली जमीन मऊ होते आणि पेरणी करता येते. शेवटचा पाऊस मार्च-एप्रिलमध्ये येतो आणि दाणा भरतो. मधले महिने शेतकऱ्याच्या हातात नसतात. पण म्हणून तो ओट्यावर बसून राहतो असे नाही. ज्यांच्या घरी वाडी आहे त्यांना हे सांगण्याची गरज नाही. वाट पाहणे हे वाडीतले सर्वांत मेहनतीचे काम आहे.

आता एका झाडाची गोष्ट सांगतो. ती आपल्याच धर्मग्रामातल्या एका घरची आहे. त्या घरच्या काकांनी आणि मावशींनी ती सांगण्याची मला परवानगी दिली आहे. मी लिहिलेले त्यांना वाचूनही दाखवले आहे. त्यांनी दोन वाक्ये काढायला लावली, ती काढली. ही गोष्ट पापनिवेदनात ऐकलेली नाही, हेही स्पष्ट करतो. उलट यात पापनिवेदन कोणाचे असेल तर ते माझे आहे.

झाडाचे नाव जाबोटिकाबा. नाव ऐकून हसू येईल, मलाही आले होते. हे मूळचे ब्राझीलचे, तिथल्या आग्नेय भागातले झाड. तुपी या मूळ रहिवाशांच्या भाषेतला हा शब्द आहे आणि 'कासवे असतात ती जागा' असा त्याचा एक अर्थ सांगतात. झाडाखाली पडलेली फळे खायला कासवे जमत असावीत. कुळ मात्र आपल्या ओळखीचे आहे. जांभूळ, पेरू, जाम, लवंग ही सगळी त्याची भावंडे. पेरूसारखीच याच्या खोडाची साल सुटते आणि आतून गुळगुळीत, डाग-डाग असलेले खोड दिसते. फळ जांभळासारखे काळे-जांभळे, पण गोल, मोठ्या द्राक्षाएवढे. साल जाड आणि तुरट. आतला गर पांढरा, पारदर्शक, लिचीसारखा, किंवा आपल्या भाषेत ताडगोळ्याच्या जवळचा. त्यात एक ते चार बिया.

पण या झाडाची खरी गंमत वेगळीच आहे. फळ फांदीच्या टोकाला येत नाही. ते थेट खोडावर येते, जमिनीपासून वरपर्यंत, सालीला चिकटून, जणू कोणी काळे मणी चिकटवले आहेत. आपल्याला याचे फार आश्चर्य वाटू नये, कारण फणस आणि उंबर आपण रोज पाहतो. तरीही लक्षात घ्या की नवीन कोवळी पालवी जिथे फुटते तिथे फळ येत नाही. जुन्या लाकडावर येते. वर्षानुवर्षे जिथे काही घडले नाही, जिथे आपण पाहणेही सोडून दिले, तिथे येते.

ब्राझीलमध्ये मिनास जेराइस नावाचे राज्य आहे. तिथे सबारा हे जुने गाव आहे, एकेकाळी सोन्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध. आज ते या फळासाठी ओळखले जाते. या झाडाच्या सर्वांत जास्त लावल्या जाणाऱ्या जातीचे नावही सबाराच. घरोघरी परसात ही झाडे आहेत, फळाचा वार्षिक उत्सव होतो आणि बहराच्या दिवसांत झाड भाड्याने देण्याची रीत आहे. पैसे द्यायचे, झाडाखाली उभे राहायचे, पोटभर खायचे. कारण हे फळ तोडल्यावर तीन-चार दिवसांत आंबू लागते. दूरच्या बाजारात पाठवता येत नाही. म्हणून एक तर झाडापाशी जाऊन खायचे, नाही तर जॅम करायचा किंवा दारू गाळायची. ब्राझीलचे लोक एखादी गोष्ट फक्त आपल्याच देशात घडते असे दाखवायचे असेल तर तिला थट्टेने जाबोटिकाबा म्हणतात.

याच सबारा गावात अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे एक छोटेसे चॅपल आहे. बाहेरून अगदी साधे, आत लाल आणि सोनेरी रंगांनी भरलेले, चिनी धाटणीची चित्रे असलेले. ते पवित्र मरियेला वाहिलेले आहे आणि तिचे तिथले नाव आहे 'ओ'ची माता. नाव विचित्र वाटेल. आगमनकाळाच्या शेवटच्या सात दिवसांत, १७ ते २३ डिसेंबरपर्यंत, ख्रिस्तसभेच्या सायंप्रार्थनेत जी धृपदे म्हटली जातात ती सगळी 'ओ' या हाकेने सुरू होतात. हे प्रभू, ये, असा त्यांचा भाव. त्यावरून, दिवस भरत आलेल्या, बाळाची वाट पाहणाऱ्या मरियेला पोर्तुगाल आणि स्पेनमधल्या लोकांनी हे नाव दिले. तिचा सण १८ डिसेंबर, म्हणजे या येत्या गुरुवारी. ज्या गावात इतका उशिरा फळणारा वृक्ष घरोघरी आहे, त्याच गावात वाट पाहणाऱ्या मातेचे चॅपल असावे, हा योगायोगच. मी त्यातून काही सिद्ध करत नाही, पण मला ते आवडले.

आपल्या पूर्वजांवर आणि सबाराच्या लोकांवर एकेकाळी एकाच पोर्तुगीज राजाची सत्ता होती. अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे काजू आला, अननस आला, पेरू, पपई, मिरची आली. आज आपण त्यांना परके मानत नाही. जाबोटिकाबा मात्र तेव्हा रुजला नाही. कारण समजण्यासारखे आहे. फळ चार दिवसांत आंबते आणि बी सुकले की मरते. महिनोन्‌महिन्यांच्या जहाजप्रवासात त्याचा निभाव कसा लागणार? आता मात्र आपल्याकडच्या काही रोपवाटिकांत याची रोपे मिळतात, आणि हौशी माणसे ती विकत घेतात.

आपले काका असेच हौशी. जून २०१५ मध्ये त्यांनी एका रोपवाटिकेतून हे रोप आणले. 'कलम आहे, तीन-चार वर्षांत फळ धरेल' असे त्यांना सांगण्यात आले होते. ते कलम नव्हते, बियांचे रोप होते, हे पुढे खोड पाहून एका जाणकाराने सांगितले. कलमाला किंवा गुटीला तीन-पाच वर्षांत फळ येऊ शकते. बियांच्या झाडाला आठ वर्षेही लागतात आणि पंधराही. लवकर फळणारी एक लाल संकरित जात आहे, ती चार-पाच वर्षांत देते. पण काकांच्या नशिबी ती नव्हती.

त्यातून आपली जमीन. या झाडाला किंचित आम्ल माती लागते आणि खारे पाणी अजिबात चालत नाही. आपल्या विहिरींचे काय झाले आहे ते तुम्ही जाणता. ज्या पाण्यावर आपल्या आजोबांनी पानवेली आणि केळी जगवल्या ते आता मचूळ झाले आहे. पहिल्या दोन वर्षांतच झाडाची पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. हे लोह न मिळाल्याचे लक्षण. माती चुनखडीची असली की लोह असूनही मुळांना घेता येत नाही. काकांनी आळे खणून कोकणातली लाल माती आणि पालापाचोळ्याचे खत भरले, चिलेटेड लोह दिले, वर सुक्या पानांचा जाड थर घातला. मुळे उथळ असल्यामुळे हा थर फार महत्त्वाचा. खणता-कुरतडता कामा नये. आणि विहिरीचे पाणी बंद केले. पावसाळ्यात पागोळीचे पाणी पिंपांत साठवायचे आणि ते संपले की घरामागच्या बावखलातून कळशीने आणायचे. माणसाने दहा वर्षे कळशीने पाणी घातले. झाड दर वर्षी वीतभर वाढे. काही वर्षी तेवढेही नाही.

२०२१ मध्ये माझी या धर्मग्रामात बदली झाली. दुसऱ्या वर्षी घरांना भेटी देताना मी त्यांच्याकडे गेलो. काकांनी झाड दाखवले. सात वर्षांचे झाड, माझ्या खांद्याएवढे. मी हसून म्हणालो, "काका, जागा कशाला अडवून ठेवलीत? हे काढा आणि दोन राजेळी लावा. वर्षात घड खाल." काका काही बोलले नाहीत. नंतर चहा झाला.

त्याच वर्षी, काही महिन्यांनंतर, मावशी एका पहाटे धर्मगुरूंच्या निवासाच्या दारात उभ्या होत्या. त्यांचा मुलगा तेव्हा बावीस वर्षांचा. चांगला मुलगा, वेदीसेवक म्हणून वाढलेला. कामाला लागला आणि दारूला लागला. आधी शनिवारी, मग रोज. घरातले पैसे जाऊ लागले, मग मावशींची सोन्याची साखळी गेली. आदल्या रात्री त्याने बापावर हात उगारला होता. मावशींनी मला विचारले, "फादर, काय करू?"

मी तयारीत होतो. प्रवचनाची घाई होती, सकाळची मिस्सा पंधरा मिनिटांवर आली होती. मी म्हणालो, "त्याला घराबाहेर काढा. दोन दिवस रस्त्यावर राहिला की शुद्धीवर येईल." मावशींनी मान हलवली, घरी गेल्या, आणि फादरांनी सांगितले म्हणून तसे केले.

बंधू-भगिनींनो, मी इथे नीट बोलू इच्छितो, कारण अशी घरे आपल्या धर्मग्रामात एक-दोन नाहीत. ज्या घरात मारहाण होते त्या घरातल्या माणसांनी स्वतःला वाचवायलाच हवे. दार बंद करणे कधीकधी गरजेचे असते, आणि मार खात राहणे हे पुण्य नव्हे. म्हणून माझा सल्ला मुळातच चूक होता असे मी म्हणत नाही. चूक अशी की तो मी पाच मिनिटांत दिला आणि मोकळा झालो. व्यसन हा आजार आहे, तो दोन दिवसांच्या रस्त्याने बरा होत नाही, हे मला ठाऊक होते. व्यसनी माणसांसाठी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस आहे, त्यांच्या आईवडिलांसाठी, बायकामुलांसाठी अल-अनॉनचे गट आहेत, हेही ठाऊक होते. मी ते सांगितले नाही. आणि सर्वांत मोठी चूक ही की मुलगा गेला, दोन दिवस झाले, दोन महिने झाले, मी पुन्हा त्या घरी विचारायला गेलो नाही. रविवारी मावशी तिसऱ्या बाकावर दिसत. मी दारात उभा राहून सर्वांशी हस्तांदोलन करी, त्यांच्याशीही करी. 'कसं काय, बरं आहे ना?' त्या म्हणत, 'बरं आहे, फादर.' इतकेच. तीन वर्षे.

लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने एक दाखला सांगितला आहे. मळ्याचा मालक तीन वर्षे अंजिराच्या झाडावर फळ शोधतो, सापडत नाही, तोडून टाक म्हणतो. माळी म्हणतो की हे एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. मी हा दाखला किती वेळा समजावून सांगितला असेल! आणि प्रत्येक वेळी स्वतःला माळ्याच्या जागी धरले. त्या घरात मी मालक होतो. दोन्ही वेळा, झाडाच्या बाबतीतही आणि मुलाच्याही. माळी तो होता जो कळशीने पाणी आणत होता.

मुलगा सध्या गुजरातमध्ये कुठल्याशा कारखान्यात आहे, असे त्याच्या एका मित्राकडून कळते. पितो की नाही ते कळत नाही. मावशी दर रविवारी मिस्सेनंतर त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पाठवतात. काय जेवण केले, कोणाचे लग्न ठरले, कोण वारले. मोबाईलवर दोन निळ्या खुणा येतात. म्हणजे वाचले. उत्तर येत नाही.

यंदा पाऊस लांबला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मावशी वाडीत गेल्या तर जाबोटिकाबाच्या खोडावर पांढरे, कापसासारखे काहीतरी पसरलेले. खालपासून वरपर्यंत. त्यांना वाटले पिठ्या ढेकूण लागला. आपल्याकडे जास्वंदीला, सीताफळाला लागतो तसा. त्या घरात जाऊन साबणाचे पाणी आणि कडुनिंबाचे तेल पंपात कालवून घेऊन आल्या. फवारणार, इतक्यात काकांनी वास घेतला. मंद, गोडसर. ती फुले होती. अकरा पावसाळ्यांनंतर पहिल्यांदा आलेली, आणि कीड समजून मारली जाणार होती.

जाणकार सांगतात की या झाडाचा बहर एकदम येतो, बहुतेक चांगला पाऊस किंवा भरपूर पाणी मिळाल्यावर, आणि त्या दिवसांत मुळांना तहान लागू देता कामा नये. काकांनी सकाळ-संध्याकाळ कळशी चालू ठेवली. फुले दोन-चार दिवसांत झडली, मोहरीएवढे हिरवे दाणे राहिले, मग वाटाण्याएवढे, मग रंग चढू लागला. बुलबुल आणि खारी यायला लागल्यावर काकांनी शेजारच्या कोळीवाड्यातून मासेमारीचे जुने जाळे आणून खोडाभोवती गुंडाळले. महिना-सव्वा महिन्यात फळे काळी झाली. एकूण ५९. ही संख्या मावशींनी कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

नोव्हेंबरमधल्या एका संध्याकाळी काका माझ्याकडे आले. स्टीलच्या ताटलीत अकरा फळे, वर रुमाल. वर्षाला एक, असे म्हणाले. आम्ही पडवीत बसलो. मी पहिले फळ खाल्ले. साल तोंडाने फोडायची, गर चोखून घ्यायचा, साल टाकायची, असे त्यांनी शिकवले. फार गोड. आणि मग मी धर्मगुरूला शोभेल असे बोललो. म्हणालो, "पाहा काका, देवाच्या घरी उशीर आहे पण अंधेर नाही. झाडाने फळ दिले, तसा तुमचा मुलगाही एक दिवस परत येईल."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फादर, झाडाचं आणि पोराचं जोडू नका. झाडाला फळ आलं म्हणून पोरगा येईल असं कुठं आहे? आणि हे फळलं नसतं, तर मी काय पाणी बंद केलं असतं?"

मी काही बोललो नाही. मग त्यांनी सांगितले, जे तीन वर्षांपूर्वी सांगितले नव्हते. "त्याचा खड्डा त्याने खणला होता. दहावीच्या शाळेला जायच्या आधी, पहिल्या पावसात. मी नुसतं रोप धरलं होतं."

मी त्यांना ते झाड काढून राजेळी लावायला सांगितले होते.

त्या संध्याकाळी मी काकांची क्षमा मागितली, आणि दुसऱ्या दिवशी घरी जाऊन मावशींचीही. मावशी म्हणाल्या, "फादर, तुम्ही सांगितलं नसतं तरी मला ते करावंच लागलं असतं. पण तुम्ही नंतर आला असतात तर बरं झालं असतं." हे वाक्य मी त्यांच्या परवानगीने जसेच्या तसे इथे ठेवले आहे, कारण ते माझ्यासारख्या इतरांनाही ऐकायला हवे. सल्ला देणारे आपण सगळेच आहोत. शेजारी आहेत, नातेवाईक आहेत, जपमाळेच्या गटातल्या बाया आहेत, धर्मगुरू आहेत. नंतर जाणारे थोडे.

आता तुरुंगातल्या योहानाकडे येऊ.

योहानाने आयुष्यभर एकाची वाट पाहिली. रानात राहिला, टोळ आणि रानमध खाल्ला, यार्देन नदीच्या काठी लोकांना सांगितले की कुऱ्हाड झाडांच्या मुळाशी ठेवलेली आहे, जे झाड चांगले फळ देत नाही ते तोडले जाईल. तो स्वतः कुऱ्हाडीची भाषा बोलणारा माणूस. आणि मग ज्याची वाट पाहिली तो आला आणि त्याने कुऱ्हाड उचललीच नाही. तो जकातदारांबरोबर जेवायला बसला. योहान कोठडीत, हेरोद राजवाड्यात. म्हणून हा प्रश्न. काही पंडित म्हणतात की योहानाला शंका नव्हती, त्याने फक्त शिष्यांच्या समाधानासाठी विचारले. मला तसे वाटत नाही. तुरुंगातल्या माणसाचा प्रश्न तुरुंगातला असतो, आणि त्याला शंका आली म्हणून प्रभू त्याला रागावलेला नाही. उलट शिष्य निघून गेल्यावर लोकांसमोर त्याची अशी स्तुती केली की तशी दुसऱ्या कोणाची केली नाही.

पण प्रभूने उत्तर काय दिले ते नीट ऐका. त्याने 'होय' म्हटले नाही. जे दिसते आणि ऐकू येते ते जाऊन सांगा, असे म्हटले. आंधळ्यांना दिसते, पांगळे चालतात, कुष्ठरोगी बरे होतात, बहिऱ्यांना ऐकू येते, मेलेले उठतात, गरिबांना शुभवर्तमान मिळते. ही यशया संदेष्ट्याची यादी आहे. त्यातला काही भाग आपण आजच्या पहिल्या वाचनात ऐकला. पण यशयाच्या ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी आणखी एक वचन आहे, बंदिवानांच्या सुटकेचे. प्रभूने नासरेथच्या सभास्थानात ते स्वतः वाचले होते. योहानाला पाठवलेल्या निरोपात मात्र ते नाही. बंदिवान सुटतात, असे त्याने योहानाला कळवले नाही. कारण योहान सुटणार नव्हता. पुढे तीनच अध्यायांनी त्याचे शीर ताटात आणले गेले, हे आपल्याला माहीत आहे.

मी हे वाचन आजवर किती तरी वेळा वाचले, ही गाळलेली ओळ मला दिसली नव्हती. प्रभूने आपल्या सर्वांत मोठ्या साक्षीदाराला खोटी आशा दिली नाही. फळ आले आहे, एवढेच सांगितले. तुझ्या कोठडीत नाही, गालीलच्या रस्त्यांवर, दुसऱ्यांच्या डोळ्यांत, दुसऱ्यांच्या पायांत. आणि मग विनवल्यासारखे म्हटले की माझ्यामुळे जो अडखळत नाही तो धन्य. योहानाला तेवढ्यावर मरायचे होते.

आपण मात्र घाई करतो. आजाऱ्याला भेटायला जातो आणि म्हणतो, 'बरे व्हाल.' डॉक्टर काय म्हणाले ते त्यालाही माहीत असते आणि आपल्यालाही. मूल नसलेल्या जोडप्याला म्हणतो, 'नोव्हेना करा, पुढच्या वर्षी पाळणा हलेल.' मुलगा गेलेल्या बापाला म्हणतो, 'झाड फळले, आता तोही येईल.' आपण त्यांना दिलासा देतो असे आपल्याला वाटते. खरे तर आपल्यालाच त्यांच्याजवळ गप्प बसणे सहन होत नाही. संत याकोबाने आज आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती शेतकऱ्याच्या उदाहरणामागे झाकली जाते. वाट पाहताना एकमेकांविरुद्ध कुरकुर करू नका, असे तो म्हणतो. ज्या घरात वाट पाहणे चालू असते तिथे नवरा-बायको एकमेकांनाच दोष देऊ लागतात, हे त्याला माहीत होते. काका-मावशींच्या घरातही ते झाले. 'तू लाडावलास', 'तू हाकललंस.' काका सांगतात की भांडण फार वाढले की ते कळशी घेऊन बावखलावर जात.

आजचे पहिले वाचन संपते तेव्हा सुटका झालेले लोक गात-गात घरी परत येतात. तिसऱ्या बाकावर बसून मावशी हे ऐकत असतील. त्या वेळी त्यांच्या मनात काय असेल ते मी सांगू शकत नाही. देवाचे वचन खरे आहे, हे मी त्यांना सांगू शकतो, कारण ते सांगण्यासाठीच माझा दीक्षाविधी झाला. कोणत्या गाडीने, कोणत्या वर्षी, हे मी सांगू शकत नाही. योहानालाही ते सांगितले गेले नाही.

मावशींनी त्या ५९ फळांतल्या काही शेजाऱ्यांना दिल्या, काही घरी खाल्ल्या आणि उरलेल्यांचा जॅम केला. सालीसकट शिजवला की तो चांगला घट्ट होतो, रंगही सालीचाच येतो. इतक्याशा फळांची एकच लहान बाटली झाली. ती फ्रीजमध्ये आहे. अजून उघडलेली नाही. झाडाचा फोटो मात्र त्यांनी त्याच रविवारी पाठवला, खोडाला लगडलेल्या फळांचा. दोन निळ्या खुणा आल्या. नेहमी निरोप रात्री वाचला जातो, या वेळी लगेच वाचला गेला, असे मावशी म्हणाल्या. त्यावर आम्ही कोणीच काही बोललो नाही.

गुरुवारी, १८ तारखेला, संध्याकाळच्या मिस्सेनंतर अर्धा तास पवित्र साक्रामेंतासमोर शांत आराधना ठेवली आहे. प्रवचन होणार नाही आणि मोठ्याने प्रार्थनाही होणार नाहीत. ज्यांच्या घरातले कोणी दूर आहे, तुरुंगात आहे, रुग्णालयात आहे, किंवा घरातच असून दूर गेलेले आहे, त्यांनी अवश्य यावे. व्यसनामुळे त्रस्त असलेल्या कुटुंबांसाठी अल-अनॉनशी संपर्क करून देण्याची व्यवस्था केली आहे. कार्यालयात नाव सांगण्याची गरज नाही, थेट माझ्याशी बोला. आणि मी नंतर आलो नाही तर कृपया मला टोका.

शेवटी एक निरोप काकांकडून. खाल्लेल्या फळांच्या बिया त्यांनी ताज्या असतानाच लावल्या होत्या. या बिया सुकू देऊन चालत नाही. सध्या आठ रोपे आली आहेत, करंगळीएवढी, पिशव्यांत. ज्यांना हवी असतील त्यांनी दहाच्या मिस्सेनंतर चर्चच्या मागच्या दाराशी त्यांना भेटावे. पैसे नाहीत. मात्र घरच्या विहिरीचे पाणी गोडे आहे की मचूळ ते आधी तपासून या, आणि फळ कधी येईल असे त्यांना विचारू नका.

आपला,
धर्मगुरू